काका, त्या न चिकटलेल्या स्लाइडबद्दल

प्रिय काका,

१९९३च्या पावसाळ्यात तुम्ही मला एक रिपोर्ट लिहिताना थांबवलंत. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी बदलीच्या गावी होते. आज चारचौघांसमोर लिहितेय, कारण तंत्रज्ञाचं नाव रिपोर्टवर कधी येत नाही आणि त्या रिपोर्टवर तुमचंच यायला हवं होतं.

मी एमडीच्या पहिल्या वर्षाला होते. रुग्ण चाळिशीचा, डोळे खोल गेलेले, जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. नमुना पेप्टोन वॉटरमधून टीसीबीएसवर, म्हणजे कॉलऱ्याचे जंतू वाढवायच्या खाद्यावर, लावला, सकाळी प्लेटवर पिवळ्या कॉलनी. ऑक्सिडेस पॉझिटिव्ह. स्ट्रिंग टेस्टला लूप उचलला तर मधासारखी तार. सगळं पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं. ओ-१ हा कॉलऱ्याच्या जंतूचा, व्हिब्रिओ कॉलरीचा, एक गट; त्याच्या अँटिसीरममध्ये त्या गटाचे जंतू एकमेकांना चिकटून दाणे धरतात. पण त्यात जंतू कालवून स्लाइड हलवत बसले, तर थेंब दुधासारखा एकजीवच राहिला, दाणे धरेनात. तेव्हा आम्ही शिकलो होतो की साथ आणतो तो ओ-१, बाकीचे इथे-तिथे सुटे जुलाब करतात. मी ‘कॉलरा नाही’ लिहायला घेतलं.

तुम्ही तेच सीरम लॅबमधल्या जुन्या ओ-१वर लावून बघितलंत. क्षणात दाणे धरले. मग म्हणालात, “सीरम बरोबर आहे, डॉक्टर. पण आपण त्याला विचारलंय काय? हा ओ-१ आहे का, एवढंच. वॉर्डात जाऊन पेशंट बघून या.”

वॉर्डात तसेच आणखी दोघे होते. दोघेही मोठ्या वयाचे, एकाच पेठेतले.

सलाइन आणि ओआरएस चालूच होतं, ते रिपोर्टसाठी थांबलं नव्हतं. पण ‘कॉलरा नाही’ असा कागद गेला असता, तर त्या पेठेतली पाइपलाइन कोण उकरून बघणार होतं? तुम्ही मला लिहायला लावलंत: ‘व्हिब्रिओ कॉलरी, ओ-१ सीरमला चिकटत नाही, साथीची शंका.’ आणि जंतू कलकत्त्याच्या कॉलरा-संशोधन संस्थेकडे धाडलात.

उत्तर आलं, ओ-१३९. तोवर १३८ गट माहीत होते. १९९२च्या अखेरीस मद्रास आणि कलकत्त्याकडे कुठल्याच सीरमला न जुळणारा जंतू सापडला, म्हणून १३९वा आकडा द्यावा लागला, नाव पडलं ‘बेंगॉल’. पुढे त्याच्यावरचे लेख मी तुम्हाला वाचून दाखवले होते. विष जुनंच, अंगरखा तेवढा नवा. ओ-१ची ओळख घडवणारी जनुकं जाऊन त्यांच्या जागी दुसरी आलेली, शिवाय वर एक कवच. म्हणून तर आधीच्या कॉलऱ्याची प्रतिकारशक्ती असलेल्या मोठ्या माणसांनाही तो धरत होता. “ते तिघेही मोठेच होते,” तुम्ही लगेच म्हणालात. मला ते तोवर सुचलं नव्हतं.

आता ओ-१३९ क्वचितच दिसतो. तरी माझ्या फ्रिजमध्ये त्याच्या सीरमची बाटली ओ-१च्या शेजारी असते, आणि दोन्हींना न चिकटणारी प्लेट मी कुणाला टाकू देत नाही. परवा एक विद्यार्थिनी अशीच स्लाइड हातात घेऊन आली नि म्हणाली, “मॅडम, आधी वॉर्डात जाऊन येऊ का?”

ती परत आल्यावर मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं.

तुमची,
लॅबमधली डॉक्टर