खालच्या श्रेणींचाही फुटबॉल छापा

महोदय,
आपल्या क्रीडा पानावरचा इंग्लिश फुटबॉल प्रीमियर लीगच्या २० संघांपाशीच संपतो. त्याखाली तीन श्रेणी आहेत, प्रत्येकीत २४ संघ. हंगामात ४६ लीग सामने, वर चषक स्पर्धा; शनिवारी खेळून मंगळवारी पुन्हा मैदानात. खेळाडूंचे करार बहुधा एक-दोन वर्षांचे आणि ३० जूनला संपणारे. कोणाला ठेवले, कोणाला सोडले याची यादी क्लब मे महिन्याच्या सुमारास लावतात. मार्चमध्ये गुडघा गेला, तर नव्या क्लबला दाखवणार काय?

इंग्लिश स्ट्रायकर रिकी लॅम्बर्टचेच बघा. लिव्हरपूलने त्याला १५व्या वर्षी सोडले. पुढे ब्लॅकपूलनेही सोडल्यावर पठ्ठ्याने कारखान्यात बीटच्या बरण्यांना झाकणे लावली. मग मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स असे खालच्या श्रेणींतले क्लब. २००८-०९मध्ये (प्रीमियर लीग धरून) तिसऱ्या श्रेणीत लीगचे २९ गोल केले, तेव्हा कुठे साउथॅम्प्टनने बोलावले, आणि तोही संघ तेव्हा त्याच श्रेणीत, वर १० गुणांची वजावट! २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन बढत्या मिळून संघ प्रीमियर लीगमध्ये पोचला. या क्लबसाठी त्याने ३४ पेनल्टी घेतल्या, ३४ही आत. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, वयाच्या ३१व्या वर्षी, वेम्बलीवर इंग्लंडकडून स्कॉटलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून पहिल्याच स्पर्शात कॉर्नरवर हेडरने गोल केला.

फुटबॉलवेड्या कोल्हापुरात हे आवडीने वाचले जाईल. सोमवारच्या अंकात निदान या तीन श्रेणींचे गुणतक्ते तरी द्यावेत.

— एक वाचक, कोल्हापूर