आई-बाबांचा टीव्ही बदलताना

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. आई-बाबांचं केबल बंद करून त्यांना स्ट्रीमिंग, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा टीव्ही, लावून द्यायचं तुझ्या मनात आहे. मी हे नुकतंच केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीला माझी घाई झाली. एका दुपारी टीव्हीला स्टिक, म्हणजे इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारं छोटं उपकरण, लावली, दहा-बारा ॲप टाकली, तासभर समजावून सांगितलं आणि निघालो. दोघांनीही माना डोलावल्या. आठ दिवसांनी गेलो तर टीव्ही बंद. आई म्हणाली, "आता टीव्ही बघावासा वाटत नाही रे." संध्याकाळची मालिका कधी न चुकवणारी माझी आई! खोदून विचारलं तेव्हा कळलं. मालिका चालू असताना चित्र मध्येच थांबलं आणि पडद्यावर प्रश्न आला, अजून पाहत आहात का? बराच वेळ रिमोट हातात घेतला नाही की हा प्रश्न येतोच. पण तिला वाटलं, आपल्या हातून काहीतरी बिघडलं. तिनं रिमोट अलगद टेबलावर ठेवला आणि नंतर त्याला हातच लावला नाही. आम्हाला कुणाला सांगितलंही नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. केबलचा टीव्ही लावला की काही ना काही चालूच असतं, माणसानं फक्त समोर बसायचं. नवा टीव्ही मात्र आधी विचारत राहतो. कोण बघतंय, कुठलं ॲप, काय लावू? वय झालेल्या माणसाला त्या प्रश्नांचाच शीण येतो. तेव्हा जुन्या टीव्हीसारखं वागायला या नव्या टीव्हीलाच शिकवायचं, असं मी ठरवलं.

बाबांचा केबलचा रिमोट हातात घेऊन बघितला. बटणांवरचे बाकी सगळे आकडे ठळक होते, फक्त ३ आणि ७ पार पुसले गेले होते. वर्षानुवर्षं तीच दोन बटणं दाबली जात होती, त्यांचं बातम्यांचं चॅनेल आणि जुन्या चित्रपटांचं. मग मी ॲप काढून टाकत गेलो आणि तीनच ठेवली. पहिलं बातम्यांचं थेट प्रक्षेपण, दुसरं चित्रपटांचं, तिसरं आईच्या मालिकांचं. त्यांची जागा पक्की केली आणि ती आजतागायत हलवलेली नाही. स्टिक किंवा टीव्ही गुगल टीव्ही या प्रणालीवर चालणारा असेल तर त्यात फक्त ॲप दिसतील अशी सेटिंग आहे, ती लाव, जाहिरातवजा शिफारशींची गर्दी जाते. नेटफ्लिक्सवर पोस्टरवर थांबलं की झलक आपोआप वाजायला लागते. आई त्यानं दचकायची. २०२० पासून ती प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंद करता येते. खरेदीला मात्र पिन लावच.

दोन रिमोट ठेवू नकोस. एचडीएमआय-सीईसी नावाची सोय चालू केली की स्टिकच्या रिमोटनंच टीव्ही चालू-बंद होतो. सॅमसंगमध्ये तिला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. नावं वेगळी असल्यानं पटकन सापडत नाही. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून न देता भिंतीवरच्या प्लगातून दे, नाहीतर ती मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकते. इंटरनेटचं फार मनावर घेऊ नकोस, एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएसचा वेग पुरतो, त्याहून बारीक तपशिलाचं फोर-के चित्र हवं असेल तर १५. राउटर दूरच्या खोलीत असेल तर स्टिक वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोड, भिंतींपलीकडे तेच जास्त पोचतं.

आईला ऐकू कमी येतं, हे तुला माहीतच आहे. सबटायटल मोठ्या अक्षरात, काळ्या पट्टीवर लावून दिली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आज सगळे स्पष्ट बोलतायत." केबलवर इतकी वर्षं तिचे किती संवाद निसटले असतील, असं मनात आलं.

बाबांना सामन्याच्या वेळी एक गोष्ट खटकली. शेजारी आधी ओरडतात, चेंडू यांच्या पडद्यावर नंतर दिसतो. थेट चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं, म्हणून केबलच्या काही सेकंद मागे राहतं. त्याला इलाज नाही आणि मी तसं सरळ सांगितलं.

केबल लगेच तोडू नकोस. मी दोन महिने दोन्ही चालू ठेवलं. त्यांनी आपणहून "ते जुनं आता नको" म्हटल्यावरच बंद केलं. बॉक्स परत केल्याची पावती जपून ठेवली आहे.

आणखी एक, हे दोघांनाही समोर बसवून सांग. कुणी फोन करून किंवा पडद्यावर नंबर दाखवून स्टिक चालू करायचे पैसे मागितले, तर ती फसवणूक समजायची. अशा स्टिक बनवणाऱ्या रोकू कंपनीनं तर असे पैसे आपण घेत नाही, असं स्वतःच जाहीर केलंय. आमच्याकडे मी मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी चिकटवलंय: कुणालाही पैसे द्यायचे नाहीत, आधी मला फोन करायचा. त्याखाली दुसरी ओळ: पडद्यावर प्रश्न आला तर मधलं गोल बटण दाबायचं, काही बिघडत नाही. ही दुसरी ओळ आईनं माझ्याकडून मुद्दाम लिहून घेतली.

तू गेलास की आधी त्यांचा जुना रिमोट हातात घेऊन बघ, कुठले आकडे पुसलेत ते. तेवढं मला कळव, मग कुठली ॲप ठेवायची ते फोनवर ठरवू.

तुझा,
मित्र