तेलाला पीएच नसतो, साहेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या बाजूच्या एका खाद्य महोत्सवाची बातमी आली होती, बातमी छान, फोटोपण छान, पण त्यात घाण्यावरच्या खोबरेल तेलाचा पीएच साडेपाच आहे म्हणून ते त्वचेला आणि खायला एकदम उत्तम असं छापलंय. बातमीदाराला दोष देत नाही, स्टॉलवरच्या बोर्डावरून उचललं असणार, तसले बोर्ड मी गुहागरपासून मालवणपर्यंत बघितलेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका. पण पेपरात आलं की लोक खरं धरतात. मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काम करते, रोजचा संबंध याच्याशी, त्यामुळे राहवलं नाही.

पीएच ही पाण्याची गोष्ट आहे. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ती मोजपट्टी काढली, पाण्यात सुटे हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) किती आहेत, म्हणजे ते किती आम्ल आहे ते सांगायला. एक आकडा खाली गेला की आम्लता दहापट, म्हणजे पीएच ५ चं पाणी ६ पेक्षा दहापट आम्ल. आता तेलात पाणीच नाही. तेलात आम्ल असतं, नाही असं नाही, खोबरेलात मुख्यतः लॉरिक आम्ल सुटं झालेलं असतं, पण आयन व्हायला त्याला पाणी लागतं. पीएच बघायची रंग बदलणारी कागदी पट्टी तेलात बुडवली तर ती नुसती तेलकट होते आणि जो काय रंग दिसतो तो बहुतेक पट्टीचा मूळचाच. पीएच मीटरच्या काचेच्या इलेक्ट्रोडवर तेलाचा थर बसतो आणि आकडा मनाला येईल तसा फिरतो, वर इलेक्ट्रोड साफ करायचा वैताग आम्हाला.

काहीजण म्हणतात तेल डिस्टिल्ड वॉटरमध्ये घुसळून त्या पाण्याचा पीएच घ्यायचा. यातली गंमत अशी की लॉरिक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि डिस्टिल्ड वॉटर उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून स्वतःच ५.६ च्या आसपास येतं. बोर्डावरचा साडेपाच कुठून आला असेल याचा मला तरी हाच संशय आहे! थोडक्यात तो आकडा पाण्याचा, आणि नाव तेलाचं.

मग तेलाचं मोजायचं कसं? अ‍ॅसिड व्हॅल्यू काढतात, म्हणजे १ ग्रॅम तेलातलं सुटं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश (आम्लाच्या उलट, अल्कली) लागतं ते. साधारण १० ग्रॅम तेल घ्यायचं, त्यात कोमट अल्कोहोल घालायचं (ते आधी न्यूट्रल करून घ्यायचं, कारण अल्कोहोलचं स्वतःचंही थोडं आम्ल असतं आणि नेमकं हेच लोक विसरतात), दोन थेंब फिनॉल्फथॅलीन (आम्ल संपलं की गुलाबी होणारं द्रव्य), आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या तोटीच्या काचनळीतून, कॉस्टिक सोडत जोरजोरात हलवत राहायचं, गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. थंडीच्या दिवसात खोबरेल थिजलेलं असतं तेव्हा आधी वितळवून सारखं करायचं, नाहीतर वरचं एक आणि तळाचं भलतंच येतं. ०.१ नॉर्मल (तीव्रतेचं माप) कॉस्टिक ५ मिली गेलं तर व्हॅल्यू आली २.८. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात रिफाइंड तेलाला ०.६ आणि कोल्ड प्रेस्ड, व्हर्जिन तेलाला ४ अशी मर्यादा आहे, त्यामुळे घाण्याच्या तेलाचा आकडा रिफाइंडपेक्षा जास्त आला म्हणून लगेच नाकं मुरडायची गरज नाही.

आता खरी मेख पुढे आहे. हेच आम्ल कोणी टक्क्यात सांगतं, आणि टक्का कुठल्या आम्लाच्या हिशोबाने ते सांगतच नाही. खोबरेलाचा लॉरिकच्या हिशोबाने काढतात, बाकी बरीच तेलं ओलिक या दुसऱ्या आम्लाच्या. ४ व्हॅल्यूचं तेल ओलिकच्या हिशोबाने २ टक्के होतं आणि लॉरिकच्या हिशोबाने १.४, तेल तेच, बाटली तीच. ऑलिव्ह ऑइलच्या जाहिरातीत एक्स्ट्रा व्हर्जिनला ०.८ टक्के म्हणतात तो ओलिकचा हिशोब, तो आकडा आपल्या खोबरेलाच्या टक्क्याशेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे किलोमीटर आणि मैल एकाच बेरजेत घालणं.

आणि हा आकडा वाढतो कशाने, तर ओल्या खोबऱ्याने. पावसाळ्यात वाट्या नीट सुकल्या नाहीत, बुरशी धरली, की तिथलं लायपेज एन्झाइम तेल फोडून आम्ल सुटं करतं आणि तेलाला साबणासारखी चव येते. हवेने खवट होणं हा वेगळा प्रकार, त्याला पेरॉक्साइड व्हॅल्यू बघावी लागते, अ‍ॅसिड व्हॅल्यूत ते धड कळत नाही.

कोकमाचं आगळ (कोकमाचा घट्ट रस) मात्र पाण्यातलं, त्याला पीएच चालतो, पण तेवढ्यावर भागत नाही. उदाहरणार्थ ४ टक्क्यांच्या व्हिनेगरचा पीएच अडीचच्या आसपास असतो, तेवढ्याच पीएचचं पातळ हायड्रोक्लोरिक घेतलं तर व्हिनेगर मारायला त्याच्या शंभरपटीहून जास्त कॉस्टिक लागतं. म्हणून आगळ टिकेल का, त्यात घातक जंतू वाढतील का हे बघायला पीएच (४.६ च्या खाली हवाच), आणि सोलकढी किती आंबट होईल ते कळायला एकूण आम्ल टायट्रेशनने, म्हणजे वरच्यासारखंच ब्युरेटने कॉस्टिक सोडून. त्यातही आगळ आधीच लालभडक, कॉस्टिक पडलं की जांभळट काळपट होत जातं, त्यात फिनॉल्फथॅलीनचा गुलाबी कोण ओळखणार? तिथे मीटर लावून ८.२ येईपर्यंत टायट्रेट करतात. हर्णे, मिरकरवाडा बंदरांतल्या ट्रॉलरवाल्यांच्या इंजिन ऑइलचंही तेच, वापरलेलं ऑइल काळंकुट्ट, रंग दिसत नाही, म्हणून टोल्यूइन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि किंचित पाण्यात विरघळवून इलेक्ट्रोडने टॅन म्हणजे टोटल अ‍ॅसिड नंबर काढतात. तो इलेक्ट्रोड तिथे नुसता शेवट कधी झाला ते दाखवतो, तेलाचा पीएच नाही सांगत.

तर विनंती दोन. एक, बातमीत तेलाचा पीएच छापू नका, स्टॉलवाल्याला अ‍ॅसिड व्हॅल्यू विचारा, आणि टक्का सांगितला तर कुठल्या आम्लाच्या हिशोबाने तेही. दुसरी विनंती तुमच्यामार्फत आमच्याच कॉलेजांना. ब्युरेट, कॉस्टिक, फिनॉल्फथॅलीन प्रत्येक तालुक्यातल्या सायन्स कॉलेजात पडलेलं असतं, बी.एस्सी.ची मुलं तेच तेच ऑक्झॅलिक अ‍ॅसिड टायट्रेट करून कंटाळलेली असतात, त्यांना वर्षातून एकदा बचत गटांच्या तेलाचे आणि आगळाचे नमुने द्या की. गटातल्या बायकांनी फक्त बाटली कोरडी ठेवावी, काचेची असली तर बरी, आणि तेल कधी काढलं ती तारीख वर लिहावी.

कळावे,
एक वाचक, ता. गुहागर