यादी छापलीत, मात्रा राहून गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या पुरवणीत घरच्या औषधांच्या बटव्यावर लेख आला आणि पाठोपाठ त्यावर वाचकांची दोन पत्रं. एकाला त्यातलं सगळं अमृत वाटतं, दुसऱ्याला सगळं थोतांड. मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषधनिर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झाले. औषधवाटपाच्या खिडकीमागे बसून जे पाहिलं त्यावरून एवढंच म्हणेन, की लेखातली नावं बहुतेक बरोबर होती. पण एकाही नावापुढे किती द्यायचं, कोणाला द्यायचं आणि कोणाला मुळीच द्यायचं नाही, हे लिहिलेलं नव्हतं.

मधापासून सुरुवात करते, कारण मध आपल्या जिल्ह्याचा अभिमान. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. खोकल्यावर मध खरंच उपयोगी आहे. रात्री झोपताना चमचाभर दिला तर मुलाचा खोकला कमी होतो आणि आईलाही झोप लागते. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ मलूल पडतं, दूध ओढायचं सोडतं, मान टाकतं. "आमचा मध शुद्ध आहे, घरच्या पेटीतला आहे," हे उत्तर मी खूप ऐकलंय. शुद्धतेचा इथे संबंध नाही, आणि मध गरम केल्यानंही हे बीजाणू मरत नाहीत. बारशाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची हौस असेल तर बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबा.

खोकल्याचंच पुढे. अडुळसा जुनाट बायकांचं औषध म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे अँब्रॉक्सॉल. मेडिकलमधून आणता त्या कफाच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावं सापडतील. तेव्हा झाडपाला विरुद्ध विज्ञान असं भांडण लावण्यात फारसा अर्थ नाही. पण ज्या अर्थी त्या पानात एवढा जोर आहे, त्या अर्थी धोकाही आहे. अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावतं. गरोदर लेक माहेरी आली आणि खोकतेय म्हणून परसातली पानं उकळून देऊ नयेत.

आणि बाटलीतलं सिरप सुरक्षित असंही नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलं गेलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत अशी सूचना काढली. त्याआधी २०२३ मध्येच क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन ही सर्दीवरची दोन द्रव्यं एकत्र असलेल्या औषधांवर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापण्याचा आदेश झाला होता. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला, हा घरोघरचा हिशेब इथे महागात पडतो.

आता तापाचं औषध. पॅरासिटामॉल प्रत्येक घरात असावं, याबद्दल माझं दुमत नाही. मुलांसाठी मात्र ते वयावर नाही, वजनावर द्यायचं असतं, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या पोराला १०० ते १५० मिलिग्रॅम, पुन्हा द्यायचं तर चार-सहा तासांनी. गोंधळ बाटल्यांचा होतो. सिरप ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचं येतं, २५० चंही येतं, आणि ड्रॉप्स १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून चमचाभर पाजली तर पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं, म्हणजे मोठ्या माणसाची आख्खी गोळी. बाटलीसोबतचं टोपण किंवा ड्रॉपर हेच तिचं माप. स्वयंपाकघरातला चमचा फोडणीला ठेवा. मोठ्यांनी दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, दारू घेणाऱ्यांनी त्याच्या बरंच आत थांबावं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. तापाची वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची तिसरी अशा गोळ्या घेणारा माणूस एकच औषध तीनदा घेत असतो. डेंगीच्या दिवसांत तर तापावर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नकोच, रक्तस्राव वाढतो.

माझं सर्वात मोठं दुखणं त्रिभुवनकीर्ती या तापावरच्या आयुर्वेदिक गोळीबद्दल आहे. आपल्या लेखात ती 'निर्धोक' म्हणून दिली आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ती डब्यात असते आणि अंगात कणकण आली की दोन गोळ्या आल्याच्या रसातून घेतल्या जातात. तिच्यात हिंगूळ आहे, म्हणजे पाऱ्याचं संयुग, आणि बचनाग आहे, ज्याचं अशुद्ध मूळ हृदय बंद पाडू शकतं. शिवाय ती धोत्र्याच्या रसात घोटलेली असते. वैद्य ती शुद्ध करून, मोजून, माणूस पाहून देतात, त्याला माझा विरोध नाही. पण कायद्याने अशी द्रव्यं 'ई-१' या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत टाकली आहेत आणि अशा औषधाच्या डबीवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. ती सूचना बारीक अक्षरात असते आणि आपण चष्मा लावून वाचत नाही. "आवं बाई, झाडपाल्याला कसली आलीया तारीक न् सूचना?" असं म्हणणाऱ्यांना मी डबी हातात देऊन मोठ्याने वाचायला लावत असे.

बाकीच्या यादीबद्दल थोडक्यात. सितोपलादि चूर्णाच्या एकतीस भागांत सोळा भाग खडीसाखर असते, मधुमेह्याने हे जाणून घ्यावं, वर ते मधातून चाटायचं असतं ते निराळं. ज्येष्ठमध घशाला चांगला, पण रोज कांडी चघळली तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. बीपीची गोळी वाढवूनही दाब उतरत नसेल तर आजोबांच्या खिशात कांडी आहे का ते पाहावं. लवंगतेलाचा एक थेंब कापसावर घेऊन दुखऱ्या दाढेवर धरा, डॉक्टरकडे जाईपर्यंत निभतं. ओवा, सुंठ, इसबगोल खुशाल ठेवा. इसबगोल पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचा आणि इतर गोळ्यांपासून अंतर राखून. निलगिरी तेल आणि कापूर मात्र मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. घोटभर पोटात गेलं तरी पोराला झटके येतात. तान्ह्याच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधायची टूम करोनात निघाली ती अजून गेलेली नाही.

गुळवेलीवरून २०२१ मध्ये वाद झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, दुसरीच वेल असावी, असा त्यांचा आक्षेप. कोणाचंही खरं माना, कुंपणावरची वेल स्वतःच ओळखून महिनोन्महिने काढा पिणाऱ्याची दोन्हीकडून पंचाईत आहे.

जुलाबासाठी ओआरएसच्या पुड्या भरपूर ठेवा. मोठी पुडी एक लिटर पाण्याची, छोटी २०० मिलिलिटरची, पुडीवर छापलेलं असतं. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात ढवळायची नाही. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रंगीत खोक्यातल्या गोड पेयांवर 'ओआरएस' लिहायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तरी दुकानातून जुना माल मिळाला तर नाव वाचून भुलू नका. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. आपल्याकडे त्याची किंमत अजून सलाईनएवढी होत नाही. पेज आणि ताकही सुरू ठेवावं.

शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या गावांतून तापोळ्याला किंवा बामणोलीला यायला लाँच लागते, पाटण-जावळीच्या खोऱ्यांत पावसात रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. तिथे घरातलं औषध ही चैन नाही. पण तिथेच सापाचंही भय जास्त, आणि सापाचं औषध कोणत्याच कपाटात नसतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कापणं, चोखणं, मुळी उगाळून लावणं यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. विंचवाचंही तेच. कांदा चोळत बसू नये. घाटाखाली महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू कमी करून दाखवले, ते औषध दवाखान्यातच वेळेत मिळायला हवं.

ठेवण्याबद्दल दोनच गोष्टी. न्हाणीघरातलं कपाट आणि गॅसवरचं फडताळ या दोन्ही जागा वाईट. आपल्या पावसात चूर्णाला बुरशी धरते, गोळ्या मऊ पडतात. घट्ट झाकणाचा डबा, कोरडी खोली, बस. उरलेली अँटिबायोटिक ठेवूच नयेत, पाकिटावर उभी तांबडी रेघ असेल तर ते औषध पुढच्या वेळेसाठी जपायचं नसतं. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर महिन्याभराने फेकावेत, तारीख पुढची असली तरी. औषध दुकानदारांना विनंती, की चार गोळ्या कापून देताना तारखेची बाजू गिऱ्हाइकाकडे जाऊ द्या किंवा पुडीवर पेनाने तारीख घाला.

आणि आपल्याला विनंती अशी, की ही यादी पुन्हा छापाल तेव्हा तीन रकाने वाढवा: मात्रा, वय, आणि कोणी घेऊ नये. जागा कमी पडली तर यादीतली निम्मी नावं गाळा, कोणाचं काही बिघडणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, सातारा