डीबी आणि डीबीएम यांची गल्लत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोबाईलची रेंज, वायफाय, ध्वनिप्रदूषण असा विषय निघाला की ‘सिग्नल १२ डीबीएमने सुधारला’ किंवा ‘आवाज ६० वरून ९० डेसिबलवर गेला, म्हणजे पन्नास टक्के वाढ’ अशी वाक्ये सर्रास छापून येतात. दोन्ही चूक आहेत. शिवाय हीच भाषा पुढे उपकरणांच्या माहितीपत्रकांत आणि तंत्रज्ञांच्या अहवालांत उतरते, आणि तिथे तिच्यामुळे यंत्रे जळतात. म्हणून हे पत्र.

डेसिबल, म्हणजे डीबी, हे दोन शक्तींचे गुणोत्तर आहे. एका शक्तीला दुसरीने भागायचे, उत्तराचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम काढायचा आणि त्याला १० ने गुणायचे. शक्ती दुप्पट झाली तर ३ डीबी, दहापट झाली तर १० डीबी, शंभरपट झाली तर २० डीबी. नुसत्या डीबीतून ‘कितीपट’ एवढेच कळते, ‘किती’ ते कळत नाही.

‘किती’ सांगायचे तर संदर्भ ठरवावा लागतो. डीबीएममधला ‘एम’ म्हणजे मिलिवॅट. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट, ३० डीबीएम म्हणजे १ वॅट, उणे ३० डीबीएम म्हणजे १ मायक्रोवॅट. डीबीएम ही पातळी झाली. दोन पातळ्यांमधला फरक नेहमी साध्या डीबीत. पाच तारखेची बारा तारीख झाली तर आपण ‘सात दिवस गेले’ म्हणतो, ‘सात तारीख गेली’ म्हणत नाही. तारखेतून तारीख वजा केली की दिवस उरतात, तसे डीबीएममधून डीबीएम वजा केले की डीबी उरतात.

फोनवर उणे ९५ डीबीएम दिसत होते आणि खिडकीपाशी उणे ८३ झाले, तर सुधारणा १२ डीबीची, म्हणजे जवळजवळ सोळापट. तिला ‘१२ डीबीएमची वाढ’ म्हटले की अर्थ निघतो, सुमारे १६ मिलिवॅट शक्ती नव्याने मिळाली. प्रत्यक्षात उणे ८३ डीबीएम म्हणजे एकूण शक्तीच जेमतेम ५ पिकोवॅट (पिकोवॅट म्हणजे वॅटचा एक लाख कोटीवा भाग). एका ‘एम’ने तीन अब्जपटींहून मोठी चूक होते. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तरही असेच: संकेत उणे ८५ डीबीएम, गोंगाट उणे १०५ डीबीएम, गुणोत्तर २० डीबी. त्याला ‘एम’ लावायला जागाच नाही.

बेरजेचेही तसेच. डीबीएममध्ये डीबी मिळवता येतात, डीबीएममध्ये डीबीएम नाही. १० डीबीएमच्या पातळीतून केबलचे ४ डीबी आणि स्प्लिटरचे (संकेत वाटून देणाऱ्या भागाचे) ३.५ डीबी गेले की २.५ डीबीएम उरते, हिशेब संपला. पण १० डीबीएमचे दोन वेगळे, एकमेकांशी न जुळलेले संकेत एकत्र आले तर २० डीबीएम होत नाहीत. १० आणि १० मिलिवॅट मिळून २० मिलिवॅट, म्हणजे १३ डीबीएम. ‘घट उणे ४ डीबी’ हे लिहिणेही टाळावे. घटीला उणे चिन्ह लावले की ती काटेकोर अर्थाने वाढ होते, आणि हिशेब करणारा ती मिळवायची की वजा करायची यात अडकतो.

नुकसान होते ते मोजणीच्या टेबलावर. १० वॅटचा प्रक्षेपक (ट्रान्समीटर) म्हणजे ४० डीबीएम. मोजणीयंत्राचे इनपुट ३० डीबीएमपर्यंतच सोसत असेल तर मध्ये ३० डीबीचा ॲटेन्युएटर, म्हणजे शक्ती घटवणारा भाग, घालावा, पुढे १० डीबीएम पोचते. आता त्या ॲटेन्युएटरवरचे ‘३० डीबी’ कुणी ‘३० डीबीएम’ असे वाचले, तर त्याला वाटेल की हा १ वॅट सोसणारा भाग आहे. तो भाग किती सोसतो ते वॅटमध्ये वेगळे लिहिलेले असते आणि इथे ते किमान १० वॅट हवे. नाहीतर आधी ॲटेन्युएटर जातो, आणि त्याच्या पाठोपाठ यंत्राचे इनपुटही जाऊ शकते.

व्होल्टेजच्या बाबतीत १० ऐवजी २० ने गुणायचे, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डीबी. मात्र दोन्ही ठिकाणचा अवरोध (इम्पीडन्स, तो ओहममध्ये मोजतात) सारखा असेल तरच हा आकडा शक्तीशी जुळतो. ० डीबीएम म्हणजे ५० ओहमवर १०७ डीबी मायक्रोव्होल्ट (इथे संदर्भ १ मायक्रोव्होल्टचा), आणि टीव्हीच्या ७५ ओहमच्या केबलवर सुमारे १०८.८. ध्वनिमुद्रणातही संदर्भ पाहावाच लागतो: अधिक ४ डीबीयू आणि उणे १० डीबीव्ही या दोन व्होल्टेज-पातळ्यांत फरक १४ डीबीचा वाटतो, पण असतो ११.८, कारण एकाचा संदर्भ ०.७७५ व्होल्ट आणि दुसऱ्याचा १ व्होल्ट.

आता त्या पन्नास टक्क्यांविषयी. ध्वनीच्या डेसिबलमध्ये एका ठराविक मंद आवाजाचा संदर्भ गृहीत असतो, म्हणून तीही पातळीच. ६० वरून ९० डेसिबल म्हणजे ध्वनीची तीव्रता हजारपट. कानाला तो तेवढ्या पटीने मोठा वाटत नाही. दर १० डेसिबलला साधारण दुप्पट असा ढोबळ अंदाज धरला तर आठपट. पण पन्नास टक्के कोणत्याच हिशेबात बसत नाही. सरासरीही सरळ काढू नये. अर्धा तास ६० आणि अर्धा तास ८० डेसिबल असेल तर तासाची समतुल्य पातळी ७० नसून ७७ असते, कारण आधी तीव्रतांची सरासरी घ्यायची आणि मग लॉगॅरिदम. मर्यादा ७५ ची असेल तर ‘सरासरी ७०’ छापणारी बातमी उल्लंघन झालेले असताना नियम पाळला गेल्याचे सांगते.

आपल्या वार्ताहरांना आणि उपसंपादकांना एवढी विनंती: पातळी लिहिताना संदर्भाचे अक्षर गाळू नये, फरक लिहिताना ते लावू नये, आणि डेसिबलच्या आकड्यांची टक्केवारी काढू नये. वाचकासाठी सोपे करायचे असेल तर ‘कितीपट’ ते कंसात द्यावे.

आपला,
दूरसंचार क्षेत्रातील एक वाचक