धुळीवर जमणारे रेणू

लायडेन, नेदरलँड्स

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

ताऱ्यांमधला वायू एवढा विरळ, मग अणू एकमेकांना भेटतात कुठे, असं तुम्ही विचारलंत. बहुतेक धुळीच्या कणांवर. हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्या जागेत आदळले, तरी जुळताना सुटणारी 4.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा टाकायला जागा नसते, म्हणून जोडी तिथेच फुटते. कण ती ऊर्जा शोषून घेतो. हे कण सिलिकेटचे किंवा कार्बनचे, साधारण 0.1 मायक्रॉनचे, वायू-धुळीच्या काळोख्या ढगात त्यांचं तापमान 10 केल्विन, म्हणजे उणे 263 अंश. जुन्या फ्रीजच्या कप्प्यात धरतो तसा त्यांच्यावर आधी पाण्याचा बर्फ धरतो, मग कार्बन मोनॉक्साइडचा.

या वरच्या थरातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूला हायड्रोजनचे अणू एकेक करून चिकटतात. दोन चिकटले की फॉर्माल्डिहाइड, चार चिकटले की मिथेनॉल. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीला ऊर्जेचा अडथळा असतो. तो ओलांडण्याइतकी उष्णता 10 केल्विनला नसते, पण हायड्रोजन इतका हलका की तो पुंज-बोगद्यातून, म्हणजे अडथळ्यावर न चढता त्याच्या आरपार, निघून जातो. मला यातलं सर्वात विलक्षण वाटतं ते हेच.

हेच प्रयोगशाळेत करून बघायला दाब मिलिबारच्या हजार कोटींव्या भागापर्यंत उतरवतात. त्याआधी स्टीलची टाकी 100 अंशांवर दिवस-दोन दिवस तापवावी लागते, नाहीतर भिंतींतलं पाणी नमुन्यावर येऊन बसतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्यावर 12 केल्विनला कार्बन मोनॉक्साइडचे थर चढवायचे आणि हायड्रोजनचे अणू सोडायचे. ते तप्त तारेवरून येतात, म्हणून वाकड्या क्वार्ट्झ नळीतून भिंतीला आपटत थंड करून आणायचे. जाड थर देऊन फायदा नाही, वरचे थोडेच थर बदलतात. तापमान 15 केल्विनच्या बरंच वर गेलं की अणू जुळण्याआधीच उडून जातात आणि उत्पादन घसरतं.

खरी कसोटी पुराव्याची. नुसतं तापवून, उडालेले रेणू वस्तुमानमापीत (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रात) बघितले, तर मिथेनॉल थंडीत झालं की तापवताना, हे कळत नाही. म्हणून थंड असतानाच अवरक्त वर्णपट, म्हणजे कोणता रेणू कुठला अवरक्त प्रकाश शोषतो याचा आलेख, घ्यायचा: 2139 प्रतिसेंटिमीटरची कार्बन मोनॉक्साइडची रेषा खाली जाते, 1720 जवळ फॉर्माल्डिहाइड आणि 1030 जवळ मिथेनॉल वर येतं. वस्तुमानमापीत कार्बन मोनॉक्साइडच्या वस्तुमान 28 वर तर मुळीच भिस्त ठेवू नये. हवा गळली तर नायट्रोजनही तिथेच दिसतो. कार्बन-13 (नेहमीच्या कार्बनचा जरा जड प्रकार) वापरला की संकेत 29 वर सरकतो. माझ्या मते तो पहिल्याच दिवशी वापरावा.

2023 साली जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत कॅमेलियन-1 ढगातल्या बर्फात मिथेनॉल दिसलं, तारा पेटण्याच्या आधीच्या काळोखात.

आईला सा. नमस्कार.

तुमचा,
सुधीर