सूचना : तळघराच्या अनुदानाचा अर्ज, कामाला हात लावण्याआधी

सर्व सभासदांना,

तळघरात पाणी शिरू नये म्हणून पालिकेचं अनुदान घेणार असाल, तर आधी आपल्या पालिकेचे नियम वाचा आणि मगच प्लंबरला बोलवा. काही ठिकाणी पूर्वमंजुरी लागते; तिथे काम आधी उरकलं तर अर्ज बाद. परवानाधारक प्लंबरच हवा, कामाचा परवाना आणि नंतरची तपासणीही हवी, अशा अटी सर्रास असतात. पैसे बहुधा काम झाल्यावर, बिलं दाखवल्यावर मिळतात, म्हणून खर्चाची सोय आधी स्वतःच करावी लागते. पावत्या आणि आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा.

अनुदान मुख्यतः सम्प पंप (तळघराच्या खड्ड्यात जमलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) आणि बॅकवॉटर व्हॉल्व्हसाठी असतं. हा व्हॉल्व्ह गटाराचं उलटं येणारं पाणी अडवतो. पण तो बंद असताना घरातलं सांडपाणीही बाहेर जात नाही. तेव्हा मुसळधार पावसात वॉशिंग मशीन लावू नका! (हे बसवणारे सांगायला हमखास विसरतात.) पंपाला बॅटरी जोडून घ्या, वीज नेमकी वादळातच जाते.

छताचं पाणी भिंतीलगत पडत असेल, तर पन्हळ लांबवायला अनुदानाची वाट पाहू नका.